अक्कानं सांगितलेला दुसरा सुपा

अक्का,

बायस्कोपवाल्या मारुतीरावांचं पत्र आलं. तू गेल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. नमस्काराच्याही आधी त्यांनी फितीची बातमी लिहिली होती: 'मास्तर, नवी फीत हाती लागली आहे. आपल्या घड्याळजीच्या फितीहून सरस. यात एकच माणूस तीन जगांत तीन जागी राहतो, आणि एकदा तिघेही एकाच टेबलाशी जेवायला बसतात. अक्काबाईंना म्हणावं, घसा तयार ठेवा.'

मी पत्र वाचत वाचतच उठलो. वहाणा पायात घातल्या, टोपी चढवली आणि तुझ्या बाजारकुणंगच्या वाटेला लागलो. तुला कधी एकदा सांगतो असं झालं होतं. तीन गं अक्का, तीन! आपण दोनावर वर्षभर भांडलो! कुंपणाशी आलो आणि तिथं आठवलं, की तुला जाऊन अकरा दिवस झालेत.

मी परत फिरलो नाही. उभाच राहिलो. खरं सांगतो, रडू नंतर आलं. आधी आनंदच झाला होता, आणि तो आनंद उतरायला तयार नव्हता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मग उतरवतूस कशाला?" घरात येऊन मी मारुतीरावांना उत्तर लिहिलं. अक्का गेली, पण तुम्ही या. फीत घेऊन या.

पहिल्या खेळापासून आठवतंय मला. तू आणि तुझी शेजारीण शेवंता मीठ आणि सुकी मासळी घ्यायला सुप्याच्या बाजाराला आल्या होतात, मुक्काम माझ्याकडे. मारुतीराव कॅसलरॉकला आगगाडीतून उतरून दोन बैलगाड्या भरून सामान घेऊन आले होते. बाजाराच्या माळावर तंबू, मधे पांढरा पडदा, त्यावर बादलीनं पाणी मारून तो भिजवलेला. कार्बाइडच्या दिव्याचा वास नदीपर्यंत जात होता. पडद्यावरचं इंग्रजी वाचून लोकांना समजावून सांगणारा त्यांचा माणूस वाटेत तापानं पडला, म्हणून गावात इंग्रजी येणारा कोण, अशी शोधाशोध झाली. माझं इंग्रजी तिसरीपर्यंतचं. पण सुप्यात तेवढंही दुसऱ्या कुणाला येत नव्हतं, आणि आपण मास्तर, तेव्हा नाही कसं म्हणायचं?

पडद्याशेजारी छडी घेऊन उभा राहिलो. फितीत एक घड्याळजी होता. परदेशी गाव. त्याची बायको तापानं मेलेली. तो दुकान बंद करून आत काहीतरी मोठं चाकाचाकांचं यंत्र करत बसायचा. मी अक्षरं लावून सांगत होतो, "घड्याळजी शोकाकुल आहे. घड्याळजी यंत्र सिद्ध करीत आहे." लोक खोकत होते. कोणी पान लावत होतं. मग यंत्राचं दार उघडलं, घड्याळजी आत शिरला, पडदा पांढराफट झाला, आणि तो दुसऱ्या बाजूनं बाहेर पडला तर समोर त्याचंच गाव. मी वाचलं, "दुसरे जग." पुढं काय सांगावं ते मलाच कळत नव्हतं.

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तुझा आवाज आला.

"अगं बया! त्येच गाव हाय की ह्ये! बगा, त्योच आड, त्येच कुत्रं! पन दुकानावर पाटी दुसरी हाय!"

मी छडी आपटली. "बायकांनी शांतता राखावी." पण पुरुषांतूनच कोणी ओरडलं, "मास्तर, तुमी थांबा. त्या बाईस्नी बोलू द्या!"

आणि तू बोललीस. बसल्या जागेवरून नव्हे, उठून, पदर खोचून. दारात घड्याळजीची मेलेली बायको आली, आणि तू ओरडलीस, "जिती हाय! हितं जिती हाय!" अख्खा तंबू उभा राहिला. मारुतीरावांचा हात फीत फिरवायच्या दांड्यावर थांबता थांबता राहिला. ती बायको मात्र घड्याळजीला ओळखत नव्हती. तिच्या मागून पिठानं माखलेला एक भटारी आला, आणि त्याचं तोंड हुबेहूब घड्याळजीचं. एकाच पडद्यावर एकच माणूस दोनदा! लोक म्हणाले, जुळा भाऊ. तू म्हणालीस, "जुळा न्हवं! त्योच त्यो!"

"त्योच दोन जागी कसा असंल?" खालून प्रश्न आला.

तू क्षणभर थांबलीस. मला आजही ते थांबणं दिसतं. मग म्हणालीस, "काळी नदी खडकाला धडकून दोन फाट्यांनी वाहती का न्हाई? पानी येकच. पन ह्या फाट्यातलं पान त्या फाट्यातल्या पानाला गावत न्हाई. तसंच हाय ह्ये. ह्या फाट्याला ह्यो घड्याळं करायला गेला, त्या फाट्याला पाव भाजाया. हिकडं बायकू मेली, तिकडं वाचली. दोनी खरंच."

अक्का, मी पुढं थोडंफार वाचलं. मोठमोठ्या विद्वानांचे लेख आले मासिकांत, विश्व कसं आहे आणि काळ कसा आहे यावर. पण मला जे कळलं ते त्या दिवशी, कार्बाइडच्या वासात, काळी नदीच्या त्या दोन फाट्यांवरून कळलं.

पण खरी गंमत पुढंच होती. शेवटचं रीळ बेळगावला राहिलं होतं! पडदा काळा झाला, लोक ओरडायला लागले, मारुतीराव हात जोडून उभे. आणि तू सांगतच राहिलीस. पडद्यावर काही नाही, आणि लोक पडद्याकडे बघून ऐकतायत. तू म्हणालीस, घड्याळजीनं बघितलं, बायको सुखात आहे. तिच्या घरातलं घड्याळ बंद पडलं होतं, ते त्यानं दुरुस्त करून दिलं. मग त्याच गावात, आडाच्या पलीकडं, खोली घेऊन राहिला. ओळख दिली नाही. रोज ती पाणी भरायला यायची, तेवढं बघायचा. "जिती हाय, ह्येच लई झालं त्येला."

तंबूतून लोक बाहेर पडले ते भांडतच. राहिला ते बरं केलं का वाईट? मला आठवत नाही, सुप्यात त्याआधी कधी लोक एका गोष्टीवर एवढे भांडले असतील.

घरी येताना शेवंता तुझा हात धरून चालत होती. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी रानात ओंडक्याखाली सापडून गेलेला. तिनं हळूच विचारलं, "अक्का, माझा बी असंल काय गं तिकडं?"

"असंल की. तिकडं वंडा पडलाच नसंल."

मी मधेच बोललो. तिला खोटी आशा दाखवू नकोस, ही फीत आहे, कागदासारखी जळणारी फीत, म्हणालो. तू माझ्याकडं वळलीस. "सदू, मी तिला तिकडं जा म्हनून सांगितलं न्हाई. तिकडं हाय म्हनाले. ह्येच्यात फरक हाय." शेवंता डोळे पुसत हसत होती. दोन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. पण तेव्हा मला ते दिसलं नाही. मला फक्त एवढंच लागलं, की माझी छडी हातात असताना लोकांनी तुझं ऐकलं.

मग चुलीपाशी तू भाकरी थापत होतीस आणि डोळे अजून तंबूतच होते. तू सहज विचारलंस, "सदू, त्या दुसऱ्या सुप्यात मास्तर कोन असंल रं?"

मी म्हणालो, "भाकर करपतेय."

तुला काय विचारायचं होतं ते मला पुरतं कळलं होतं. आपल्या अणशीत एक पंतोजी चार महिने येऊन राहिले होते. मी पुढं बसून पाढे म्हणायचो आणि तू म्हशी राखता राखता कुंपणापलीकडून ऐकायचीस. माझा तेराचा पाढा अडला, की कुंपणापलीकडून पुढचा आकडा यायचा. पंतोजींनी अप्पांना सांगितलं, दोघांपैकी एकाला सुप्याला शाळेत पाठवा, मुलगी जास्त हुशार आहे. अप्पा म्हणाले, "म्हशीकडं कोन बघंल?" ठरलं ते तिथंच. मला सुप्याला पोचवायला तूच आलीस, ओढ्यातून मला पाठुंगळी घेऊन.

त्या दुसऱ्या सुप्यात मास्तर कोण, ते आता सांगतो. तू. टेबलाशी तू, आणि अणशीत म्हशी राखायला मी. आणि मी तुझ्यासारखं हसत राहिलो असतो की नाही, याची मला खात्री नाही. तू तो प्रश्न तक्रार म्हणून विचारलाच नव्हतास, हे मला कळायला वेळ लागला. तुला नुसती मजा वाटत होती. असंही झालं असतं, या विचारानंच तुझा चेहरा उजळला होता. दार बंद झालं म्हणून रडण्याऐवजी दाराच्या पलीकडं काय काय असेल ते तू मोजत होतीस. मी इकडं दाराला पाठ लावून उभा होतो.

दिवाळीनंतर मारुतीराव पुन्हा आले, या वेळी शेवटच्या रिळासकट. बाजारकुणंगहून चार गाड्या भरून माणसं आली. अणशीची माणसं चालत आली. तंबू अपुरा पडला, तेव्हा लोक पडद्याच्या मागच्या अंगाला बसले आणि तिकडून उलटं चित्र बघू लागले. तू मुद्दाम मागं जाऊन बघून आलीस आणि केवढ्यांदा ओरडलीस, "मागं घड्याळजी डावखुरा हाय रं!"

खेळ चालला. यावेळी मी मुद्दाम पुढं उभा होतो, तू बायकांत. शेवटचं रीळ लागलं. घड्याळजी आडाशी उभा आहे, बायको पाणी ओढतेय, तो तिच्या दिशेनं एक पाऊल टाकतो, आणि एकदम तो आपल्या दुकानात, खुर्चीत, डोळे चोळत बसलेला. मग अक्षरं आली. मी वाचलं, "ते स्वप्न होते."

आणि तू कडाडलीस, "सपान? खोटं हाय! भ्याला त्यो! पाऊल टाकलं हुतं त्येनं, मी बगितलं. त्यो तिकडंच हाय!"

"फितीवर लिहिलंय," मी म्हणालो.

"लिवनारा बी भ्याला असंल."

लोक हसले. शेवंता म्हणाली, "अक्का सांगती त्येच खरं." आणि सगळे तुझ्याकडे बघायला लागले, पुन्हा. तेव्हा मी ते बोललो. सगळ्यांच्या देखत, मास्तरच्या आवाजात: "तुला वाचता तरी येतं का?"

तू खाली बसलीस. फीत संपली, लोक उठले, आणि या वेळी कोणीही भांडत गेलं नाही. मुकाट्यानं गेले.

मला वाटलं होतं, आता तू माझ्या घरी यायची नाहीस. पुढच्या बाजाराला तू आलीस ती थेट शाळेत. दुपारची सुट्टी झाली होती. तुझ्या हातात फुटक्या कोपऱ्याची पाटी होती, दाजींनी कुठून तरी आणून दिलेली. टेबलावर ठेवलीस. "शिकीव."

रुसवा नाही, टोमणा नाही. नुसतं "शिकीव". मी माफी मागायला तोंड उघडलं आणि तू म्हणालीस, "त्ये ऱ्हाऊ दे. 'अ' कसा काडायचा त्ये दाव."

दर बाजाराला तू येत राहिलीस. मधल्या दिवसांत सारवलेल्या अंगणात बोटानं अक्षरं काढायचीस, आणि दाजी म्हणे त्यांना वळसा घालून गोठ्यात जायचे, पुसली जाऊ नयेत म्हणून. बारा आठवड्यांत बाराखडी झाली. पावसाळ्यात रस्ते बंद पडले तेव्हा तू गाडीवानाबरोबर निरोप पाठवलास, 'पुस्तक संपलं. दुसरं धाड.' आणि तो निरोप तोंडी नव्हता. एका पानाच्या द्रोणाला बांधलेला कागद होता, त्यावर तुझं अक्षर. 'धाड'ला काना नव्हता. मी तो कागद वर्गात सगळ्यांना दाखवला, राहिलेला काना मात्र दाखवला नाही.

पुढच्या वर्षी मारुतीराव आले तेव्हा घड्याळजीची फीत जुनी झाली होती, जागोजाग तुटलेली. ते शाळेच्या ओसरीत बसून खराब तुकडे कापून बाकीचं जोडत होते. शेवटच्या रिळाचा एक तुकडा त्यांनी तुझ्या हातात दिला, "घ्या अक्काबाई, आठवण." तू तो बोटांच्या चिमटीत धरून आभाळाकडं केलास. नखाएवढी चित्रं. शेवटाला अक्षरांची चार चित्रं, सगळी सारखीच. तू डोळे बारीक करून बघत राहिलीस. इंग्रजी तुला येत नव्हतं. पण एकदम तू म्हणालीस,

"सदू, ह्ये शेवटाला आकड्यावानी काय हाय? आपल्या पुस्तकात बी असतंय. इळ्यावानी वाकडं, खाली टिंब."

मी तुकडा घेतला. आभाळाकडं धरला.

ते प्रश्नचिन्ह होतं. इंग्रजीत शब्दांची उलटापालट केली की प्रश्न होतो. मला त्यातले 'स्वप्न' आणि 'होते' एवढेच ओळखीचे शब्द दिसले होते आणि मी ठोकून दिलं होतं. तिथं 'ते स्वप्न होते' असं लिहिलंच नव्हतं. 'स्वप्न होतं का ते?' असं लिहिलं होतं.

"म्हंजे त्येनं इच्यारलंय!" तू उडालीसच. "सांगितलं न्हाई! इच्यारलंय!" आणि मारुतीरावांचा हात धरून ओसरीभर नाचलीस, आणि ते म्हातारे मारुतीराव, ज्यांनी ती फीत शेकडो वेळा फिरवली होती, तेही म्हणाले, "अरे! खरंच की!" वर्गातली पोरं खिडक्यांतून बघत होती. मी त्यांना गप्प केलं नाही.

त्या संध्याकाळी खेळाआधी मी तंबूत उभा राहिलो आणि म्हणालो, "गेल्या वर्षी मी चुकीचं वाचलं होतं. ते माझ्या बहिणीनं पकडलं." कोणी म्हातारा मागून म्हणाला, "मास्तर बी चुकतंय व्हय?" हशा झाला. तूच हात वर केलास. "चुकी कबूल केली त्येनं. आता बसा गप आनि खेळ बगा." मग मी वाचलं आणि तू सांगितलंस. पहिल्यांदा दोघं मिळून. त्या सबंध हंगामात सुपा, जोयडा, बाजारकुणंग, सगळीकडं. गावागणिक तू शेवट बदलायचीस आणि मी काही बोलायचो नाही.

पण एक बाकी राहिलं गं. वाचनातली चूक मी चारचौघांत कबूल केली. ते वाक्य, 'तुला वाचता तरी येतं का', ते चारचौघांत बोललो आणि परत कधीच घेतलं नाही. एकट्यातही नाही. तू 'ऱ्हाऊ दे' म्हणालीस आणि मी राहू दिलं. तुझ्या मोठ्या मनाचा मी फायदा घेतला. लहानपणी पाठुंगळी बसून ओढा ओलांडला तसाच. आता कबूल करतो. ऐकायला तू नाहीस, म्हणून कागदावर.

आणि काल तुझं तेरावं झालं.

तुमचं अंगण भरून माणसं होती. दाजी खांबाला टेकून बसले होते. जेवणं आटोपली, द्रोण उचलले गेले. मी मारुतीरावांचं पत्र खिशातून काढून वाचून दाखवलं. तीन जगं, तिघे एका टेबलाशी. कुणीतरी म्हणालं, "अक्का असती तर!"

तेव्हा शेवंता उठली. तिनं पदर खोचला. म्हणाली, "घड्याळजीचं सांगू?"

ती सांगायला लागली. आवाज आधी कापत होता, मग मोकळा झाला. दुकान, यंत्र, दार, आड, कुत्रं, सगळं जसंच्या तसं. आणि मग शेवट. मी जीव मुठीत धरून बसलो, कारण तिनं तुझा शेवट घेतला नाही आणि फितीचाही नाही.

ती म्हणाली, "घड्याळजी परत आला. पन त्येनं दार लावलं न्हाई. गावात ज्येचं ज्येचं मानूस गेलंया, त्येस्नी हाक मारली. म्हनाला, या, बगून या. मग काय, दर आठवड्याला मानसं जायाला लागली, बाजाराला गेल्यावानी. सकाळी जायाचं, आपलं मानूस डोळं भरून बगायचं, आनि दूध काडायच्या टायमाला परत. तिकडनं काय आनायचं न्हाई. निस्तं बगायचं."

"आनि दारावर कोन?" अंगणातून कुणीतरी विचारलं. "कुनी बी घुसंल की!"

"दारावर अक्का बसलीया," शेवंता म्हणाली. "तिच्या हातात पाटी हाय. ज्येचं त्येचं नाव लिवून घेती, मग सोडती."

अंगण हसलं गं अक्का. रडतही होतं, पण हसलं. दाजींनी डोक्यावरचं मुंडासं काढून डोळे पुसले आणि ते सगळ्यात मोठ्यांदा हसले. शेवंता श्वास घ्यायला थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, मास्तर आता काय म्हणतो म्हणून.

मी सरकून पुढं बसलो आणि विचारलं, "बरं, मग पुढं?"